दहा जणी मागे, एक पुढे

तिशी गाठायच्या आत आठवणी लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. पण माझा डावा गुडघा सत्तर वर्षांचा आहे, आणि त्याच्या वतीने दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं ते वसंतमामा अजून ठणठणीत आहेत. हे छापून आलं तर ते चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतील आणि शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दाखवतील. माणसं गेल्यावर त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना ही मजा कुठून मिळणार?

नाशिकरोडला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमचं घर होतं. दुसरा मजला, दोन खोल्या, आणि पत्रे ठोकून बंद केलेली एक गॅलरी. गॅलरीत मामा राहायचे. घरात शांतता अशी कधी नसायचीच. गाडी क्रमांक अमुक अपने निर्धारित समय से उशिरा धावत असल्याचं स्टेशनवरची बाई दिवसभर आम्हाला कळवत असायची, नोटांच्या प्रेसचा भोंगा वाजला की खालच्या गल्लीत स्कूटरी सुरू व्हायच्या, आणि या सगळ्यावर मात करायला पप्पा टीव्हीवरच्या चर्चा मोठ्या आवाजात लावायचे. आई स्वयंपाकघरातून भाकरी थापटत थापटतच त्या चर्चेत भाग घ्यायची. तव्यावर सुकट परतायला घेतली की वास आधी गॅलरीत जायचा, मग मामा बाहेर येऊन विचारायचे, "गॅस बारीक आहे ना?" गॅस बारीक असायचाच. गेली कित्येक वर्षं रोज बारीक असायचा. तरी ते वाकून बघायचे.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. रेल्वेत सिग्नल खात्यात नोकरी केलेली आणि तरुणपणी रेल्वेच्याच संघातून फुटबॉल खेळलेले. लग्न केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणजे राहून गेलं. मुलगी बघून आले की ते म्हणायचे, "विचार करून सांगतो," आणि त्यांचा विचार पूर्ण होईपर्यंत त्या मुलींची लग्नं होऊन बारशीही उरकलेली असायची. दहा मिनिटांवरच्या स्टेशनला ते गाडीच्या एक तास आधी निघायचे. आभाळात एक ढग दिसला तर एक छत्री, दोन दिसले तर एक छत्री आणि एक रेनकोट. अशा माणसाच्या हाती आमच्या भागातल्या मंडळाने मुलींचा फुटबॉल संघ सोपवला होता. मैदानावर मी त्यांना सर म्हणायचं आणि मैदानाच्या गेटबाहेर मामा, असा नियम त्यांनीच केला होता. गेटमध्ये उभं राहून बोलायची वेळ आली तर मी गप्प बसायचे.

डावपेच घरीच ठरायचे, जेवणानंतर, चटईवर, कॅरमच्या सोंगट्या मांडून. मामा नऊ काळ्या आणि गोलकीपरची एक पांढरी अशा दहा सोंगट्या एका टोकाला गोलासमोर इतक्या दाटीने लावायचे, की फणीचे दात वाटावेत. मग डब्यातून एकटी लाल राणी काढायची आणि चटईच्या दुसऱ्या टोकाला, जवळजवळ शोकेसखाली ठेवायची. ती मी. दहा जणी मागे, एक पुढे. "हिचं काम काय?" मी विचारायचे. "चेंडू आला तर गोल मारायचा," मामा म्हणायचे. चेंडू कसा येणार, हा प्रश्न त्यांना पडत नसे. मला सांगायला लाज वाटत नाही की त्या वर्षी मी मैदानावर चेंडूपेक्षा समोरच्या गोलकीपरशी जास्त ओळख वाढवली. एकीच्या बहिणीचं लग्न ठरत नव्हतं, दुसरीला अकाउंट्स जमत नव्हतं. सगळ्या मनमोकळ्या मुली होत्या. आम्हा दोघींनाही तासभर दुसरं काही काम नसायचं.

आमची कॅप्टन रुक्सार. देवळालीगावची, मधल्या फळीत खेळायची, आणि तिच्या पायापेक्षा तिची जीभ जास्त वेगाने चालायची. "सर को बोल ना, दोन गोलपोस्ट बांधून टाकू, फिर बीच में बैठ के मटर सोलते," असं ती मला म्हणायची. मी मामांपर्यंत हे पोचवत नसे. गोलकीपर होती मंगल. ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून शिकायला आलेली, कमी बोलायची. ती फुटबॉल खेळायची ते एकाच कारणासाठी. जिल्ह्याच्या संघात निवड झाली की राज्य स्पर्धा, राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येतो. तसं झालं नाही तर बारावीनंतर घरी परत, हे तिच्या वडिलांनी तिला सरळ सांगून ठेवलं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं आणि लक्षात असणं यात फरक असतो, तो मला पुढे कळला.

तर त्या वर्षी आम्ही शून्य-शून्य आणि एक-शून्य करत करत जिल्हा स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचलो. आमच्या मॅचला येणारे प्रेक्षक डबा आणायचे, कारण बघण्यासारखं काही नसायचं. उपांत्य सामना होता शहरातल्या एका बड्या शाळेशी. त्यांच्या सगळ्या मुलींच्या बॅगा एका रंगाच्या होत्या. आमच्याकडे तसं एकसारखं काही असेल तर ते म्हणजे मामांनी सगळ्यांना वाटलेले गूळ-शेंगदाणे. पहिल्या वीस मिनिटांत चमत्कार झाला. रुक्सारने लांबून मारलेला चेंडू माझ्या पाठीला लागून आत गेला. मी त्यांच्या गोलकीपरशी बोलत होते, त्यामुळे मला कळलं ते आरडाओरडा झाल्यावर. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या एका मुलीला लाल कार्ड मिळालं. त्या दहा, आम्ही अकरा, वर आम्ही एकने पुढे. रुक्सार रेषेजवळ धावत गेली. "सर, आता चढू द्या! एक गोल और, आणि संपलं!"

मामा खुर्चीवरून उठले. आम्हाला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा हो म्हणणार. त्यांनी तोंडाजवळ हाताचा भोंगा केला आणि ओरडले, "आहे ते सांभाळा! तेजू, तू पण मागे ये!"

म्हणजे राणीही शोकेसखालून उचलून फणीच्या दातांत बसवली. शेवटच्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. आमच्या अकराच्या अकरा जणी गोलासमोर इतक्या गच्च उभ्या होत्या की चेंडूला बाहेर पडायला जागाच उरली नाही. तो आमच्याच एकीच्या गुडघ्याला लागून आत गेला. मग पेनल्टी. मामांनी किक मारायला निवडलेल्या मुली म्हणजे ज्या कधीच चेंडू बाहेर मारत नाहीत अशा. खरंच एकीनेही बाहेर मारला नाही. तिघींनी गोलकीपरच्या हातात नेऊन दिला. मंगलने एक अडवला, पण एकाने काय होणार?

मैदानाबाहेर लोकल केबल चॅनेलचा एक पत्रकार माइक घेऊन उभा होता. त्याला खरं तर जिंकलेल्या संघाशी बोलायचं होतं, पण त्यांना न्यायला बस येऊन थांबली होती. मग तो आमच्याकडे वळला. "ताई, दोन शब्द. पराभवाचं कारण काय वाटतं?"

रुक्सार म्हणाली, "त्यांना दहा जणी असून आम्हाला हरवता येत नव्हतं. मग त्यांना आमच्या बेंचवरून मदत मिळाली." पत्रकाराचे डोळे चमकले. त्याने माइक माझ्यापुढे धरला. मी सतरा वर्षांची होते, माझ्या पाठीला चेंडूचा वळ उठलेला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी माझं मत विचारत होतं. मी म्हणाले, "आमच्या सरांना गोल खायची भीती वाटते ते आम्ही समजू शकतो. त्यांना गोल करायचीही भीती वाटते. ते कोच नाहीत, वॉचमन आहेत. दारात खुर्ची टाकून बसायचं आणि कोणी आत येत नाही ना एवढंच बघायचं."

त्या क्लिपमध्ये माझ्या खांद्यामागे मामा दिसतात. मुलींनी टाकलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वाकून पिशवीत भरतायत. वॉचमन हा शब्द येतो तेव्हा ते थांबतात. मग पुन्हा एक बाटली उचलतात. मी तेव्हा मागे बघितलं नाही. नंतर मात्र पुष्कळ वेळा बघितलं, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत ती क्लिप आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर होती, आणि प्रत्येकाला ती मलाच दाखवायची होती.

टीव्हीवर ती त्याच संध्याकाळी आठला लागली. खाली लाल पट्टी, 'खेळाडूंचा प्रशिक्षकावर हल्लाबोल'. आम्ही जेवायला बसलो होतो. मामांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, सगळी बातमी पाहिली, जाहिराती लागल्यावर तो तुकडा तोंडात घातला आणि म्हणाले, "मीठ बरोबर आहे." बस्स. आईने परात आपटली.

"माझ्या भावाला वॉचमन म्हणतेस? साऱ्या नाशिकसमोर?"

पप्पा मध्ये पडले. त्यांना तत्त्वाच्या गोष्टी फार आवडायच्या. "हे बघ, घटनेने प्रत्येकाला बोलायचं स्वातंत्र्य दिलंय."

"घटनेने दिलंय ना? मग जेवायला वाढायला पण घटनेलाच सांगा," आई म्हणाली आणि माझ्यासमोरचं ताट उचलून घेऊन गेली. पप्पांनी स्वातंत्र्याचा विषय तिथेच थांबवला. त्यांचं ताट अजून त्यांच्यासमोर होतं.

पुढचे चार दिवस मामा माझ्याशी आईमार्फत बोलत होते. मी समोर दोन फुटांवर बसलेली असायचे. "तिला सांग, बुटांचे खिळे तपासून घे." आई सांगायची, "खिळे तपास." मी म्हणायचे, "तपासले." आई सांगायची, "तपासले म्हणते." असा हा संवाद चालायचा. मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावलेले दिसत नव्हते. गॅस बारीक आहे का, हे बघायला मात्र ते त्या चार दिवसांत एकदाही आले नाहीत. आईच्या ते लक्षात आलं होतं. ती दरवेळी गॅलरीच्या दाराकडे बघायची आणि मग स्वतःच बटण फिरवायची.

मंडळाच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पुढच्या महापालिका निवडणुकीत उभं राहायचा त्यांचा विचार होता. स्पर्धेच्या फ्लेक्सवर त्यांचा चेहरा फुटबॉलच्या दुप्पट छापलेला होता, आणि त्या चेहऱ्याची बदनामी झाली असं त्यांचं म्हणणं होतं. "दोघींनी लेखी माफी मागायची. नाहीतर दोघी संघाबाहेर," अण्णा म्हणाले. रुक्सार म्हणाली, "मी लिहून देते, पण काय बोलले तेच लिहीन." मी मान खाली घातली. माझ्यात धाडस फक्त माइकसमोर होतं, असं दिसतंय.

अण्णा मामांकडे वळले. "भालेराव, तुमचं काय म्हणणं? अपमान तुमचा झालाय."

मामांनी आधी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "रविवारी तिसऱ्या क्रमांकाची मॅच आहे. अकरा मुली लागतात. आपल्याकडे तेराच आहेत, त्यातल्या दोघी आजारी. या दोघी काढल्या तर नऊ उरतात. नवांत कसं जमेल?"

"अहो, पण त्यांनी तुम्हाला..."

"नवांत जमणार नाही," मामा म्हणाले आणि उठले. सबंध बैठक त्यांनी बचाव करून जिंकली. मला तेव्हा ते कळलंही नाही. मला वाटलं, बघा, इथेही यांना हिशेबाचीच काळजी.

त्याच संध्याकाळी त्यांनी सोंगट्यांचा डबा आईकडे दिला. "तिला सांग, रविवारचं तिनं आणि रुक्सारनं लावावं." आईने डबा माझ्या मांडीवर ठेवला. जगात फार थोड्या लोकांना आपली अक्कल सिद्ध करायची इतकी स्वच्छ संधी मिळते. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कट्ट्यावर आम्ही सगळ्या मुलींना गोळा केलं आणि मी सोंगट्या भराभर पुढे सरकवल्या. सात पुढे, तीन मध्ये. मागे कोणी नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मंगल बाजूला बसून शेंगा सोलत होती. तिने बघितलं आणि विचारलं, "मागं कोन राहील?"

"तू है ना!" रुक्सार म्हणाली. सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत जास्त हसले.

रविवारचा सामना शहरातल्या मोठ्या मैदानावर होता. शामियान्यात निवड समितीचे तीन साहेब बसले होते. पहिल्या पंधरा मिनिटांत मी दोन गोल केले. पाठीने नाही, पायाने. लोक डबे बंद करून उभे राहिले. मी इतकी पळाले, इतकी ओरडले की त्या पंधरा मिनिटांसाठी पुन्हा सगळं तेच करावं लागलं तरी करीन असं मला अजून वाटतं. मग समोरच्या मुलींना एक साधी गोष्ट कळली, की आमच्या मागे कोणी नाही. चेंडू लांब मारायचा आणि पळत सुटायचं, एवढंच त्यांनी केलं. मंगल एकटी, समोरून दोघी-तिघी. ती पायांत झेपावत होती, उठत होती, पुन्हा झेपावत होती. किती अडवले ते कोणी मोजलं नाही. आत गेलेले मात्र फळ्यावर लिहिले गेले. पाच.

आम्ही पाच-दोनने हरलो आणि तरी हसत बाहेर आलो. आम्ही खेळलो होतो ना! मी मंगलला मिठी मारायला गेले. तिच्या तोंडावर चिखल होता, उजव्या हाताचं एक बोट सुजून जांभळं झालं होतं. ती म्हणाली, "झाला ना तुमचा मनासारखा? माला कोनी इचारला?" आणि ती बूट सोडायला खाली बसली. सुजलेल्या बोटाने तिला नाडी सुटत नव्हती.

यादी तिथेच वाचली गेली. माझं नाव दुसरं होतं. रुक्सारचं पाचवं. मंगलचं नाव आलं नाही. मी काय केलं? खरं सांगायचं तर मी त्या क्षणी आईला फोन लावत होते.

मामा शामियान्यात गेलेले मला फोन कानाला लावलेला असतानाच दिसले. आत जाण्याआधी त्यांनी चपला काढल्या, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा घातल्या. टेबलावरच्या यादीवर त्यांनी सरळ पंजा ठेवला. "साहेब, एक नाव राहिलंय. गोलकीपर."

"भालेराव, पाच गोल खाल्लेत तिने."

"त्याआधीच्या सहा मॅचमध्ये एकच खाल्लाय. तोही आमच्याच मुलीने मारलेला. त्या मॅचही तुम्ही बघितल्यात."

"तेव्हा तुम्ही नऊ-दहा जणी तिच्यापुढे उभ्या केल्या होत्या. कळणार कसं तिचं?"

"मग आज कळलं ना? आज तिच्यापुढे कोणी नव्हतं. तिने अडवलेले मी मोजलेत. सतरा." मामांचा आवाज चढला होता. शामियान्याबाहेरचे लोक वळून बघायला लागले. तो केबलवाला पत्रकारही माइक घेऊन धावत आला. "तेव्हा मी जास्त बचाव लावला, आज यांनी अजिबात लावला नाही. दोन्ही वेळा त्या पोरीला कोणी विचारलं नाही. चूक आमची आणि यादीतून तिला गाळता? पंजा उचलणार नाही मी."

यांनी म्हणजे आम्ही. एवढं एकच ते माझ्याबद्दल जाहीरपणे बोलले, आणि तेही माइक पोचायच्या आत. साहेब कुरकुरले, एकमेकांत बोलले, आणि शेवटी राखीव म्हणून मंगलचं नाव पेनाने खाली लिहिलं. पुढे राज्य स्पर्धेत पहिल्या गोलकीपरला ताप आला आणि मंगल सगळे सामने खेळली. आज ती पोलिसात आहे. माझा गुडघा सराव शिबिराच्या तिसऱ्याच दिवशी गेला, आणि माझी फुटबॉलची कारकीर्द त्या पंधरा मिनिटांत मावते. रुक्सार आता मुलांना शिकवते. तिच्या संघात किती जण मागे असतात, हे मी तिला विचारत नाही.

त्या दिवशी मी मामांच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. ते वीसच्या वेगाने चालवत होते, रिक्षा आणि सायकली आम्हाला ओलांडून जात होत्या. द्वारका चौकातल्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हणाले, "मामा, मी माइकवर बोलायला नको होतं. घरात बोलता आलं असतं."

"घरात?" मामा पुढे बघतच म्हणाले. "घरात तुझी आई वीस वर्षं हेच सांगतेय. मी ऐकलं का कधी?" सिग्नल सुटला. स्कूटर हलली. थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा बोलले. "मला भीती वाटते, हे खरंय. हरायची. दुसरं काही कारण नाही. माझं राहू दे. मंगलला सॉरी म्हटलंस का?"

"उद्या म्हणते."

"उद्या नाही," मामा म्हणाले, आणि भर रस्त्यात, हात न दाखवता, मागे न बघता त्यांनी स्कूटर वळवली. मागच्या टेम्पोवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट घट्ट धरला.

पंचवटीत मुलींच्या वसतिगृहाच्या दारात मंगल आली, बोटाला ओलं फडकं गुंडाळून. मी सॉरी म्हणाले. ती "बरं" म्हणाली. मग तिने मामांकडे बघितलं. "सर, उद्या येऊ ना सरावाला? सहालाच ना?" सहाच्या सरावासाठी ती रोज पाचला बसच्या थांब्यावर उभी असायची, हे मला तेव्हा तिथे, त्या दारात कळलं.

मामा गेटच्या आत एक पाय, बाहेर एक पाय असे उभे होते. "तुला किती वाजता जमेल?"

"माला इचारताय?"

"तुला."

मंगलने फडक्यातलं बोट जरा दाबलं, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि खात्री झाल्यावर म्हणाली, "सात."